चालवतो कोण?

मंगळवार, रात्री उशिरा

‘भाऊ.’ मी बोलले ते एवढंच. आणि दुपारपासून तो शब्द पाला माशाच्या काट्यासारखा घशात बसलाय. सुक्या भाताचा गोळा गिळावा तर हा काटा तसला नाही.

घरी आल्यावर आंघोळ केली, मेथी निवडली, लेकीचा फोन झाला. तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय? विंडसर्फिंगचा जुना बोर्ड, म्हणजे उभ्याने हाकायची शिडाची फळी, दुरुस्तीला नेला. मिस्त्रीने विचारलं, चालवतो कोण, आणि मी म्हटलं, भाऊ. दादाने त्या बोर्डवर उभ्या जन्मात चार वेळा पाय ठेवला असेल. चौथ्या वेळी गिरगाव चौपाटीसमोर डोलकाठी डोक्यात बसली आणि हा खेळ माकडांचा आहे असं जाहीर करून तो किनाऱ्यावर गेला, तो गेलाच. त्यानंतर सतरा वर्षं बोर्ड माझा होता. निम्मे पैसे त्याचे होते, ते खरं. पण ते प्रकरण वेगळं, आज नको.

गच्चीवर टाकीच्या मागे ताडपत्रीखाली पडून होता. वॉटरप्रूफिंगची माणसं आली, त्यांनी ओढून काढला, दोन कट्ट्यांवर आडवा टाकला आणि त्यावरून मालाची घमेली नेली. बारा फुटी फळी, कोणालाही वाटेल याचसाठी केलीय. डोलकाठी बसते त्या खाचेपाशी बोर्ड मुळात नाजूक, तिथेच गेला. दोन तुकडे नाही झाले. ऊस मोडताना सालीवर लटकतो तसा लटकला. ‘ताई, आम्हाला भंगार वाटलं हो,’ सेक्रेटरी म्हणाले. म्हणून भंगारवाल्याला बोलावलं, तर त्याने लांबूनच मान हलवली. फायबर घेत नाही. म्हणजे भंगारातसुद्धा नाही! त्या दिवशी जिन्यात बसून रडले. बोर्डसाठीच रडले, असं म्हणू या.

मग वजन केलं. बाथरूमचा काटा गच्चीवर नेला, बोर्ड कवटाळून उभी राहिले, नंतर नुसती उभी राहिले आणि वजाबाकी केली. साडेतेवीस किलो. घेतला तेव्हा अठरा होता. साडेपाच किलो पाणी पिऊन बसलाय. वजाबाकीतला दुसरा आकडा लिहीत नाही, त्याचंही साधारण तसंच झालंय.

तर आज वेसाव्याला. टेम्पोत मावेना, म्हणून नाक ड्रायव्हरच्या टपावर, शेपूट मागे बाहेर, त्याला लाल फडकं. हा मिस्त्री होड्यांचं फायबर करतो. हल्ली कोळीवाड्यात लाकडाची होडी शोधावी लागते. त्याने बोर्ड दोन पिंपांवर ठेवला, खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत ठोकत निघाला. टक, टक, टक. खाचेजवळ आला आणि आवाज बदलला. थप. पुढे मागे, डावीकडे उजवीकडे, जिथे जिथे थप वाजलं तिथे खडूची रेघ. थपथपीचा एक नकाशाच तयार झाला, वीतभर मोडीभोवती हातभर. ‘कातडं सुटलंय आतून,’ म्हणाला. ‘एवढं सगलं सोलावं लागंल. आत वारा लागू दे, आठ-पंधरा दिवस सुकू दे, मगच फायबरची मॅट.’

आतलं पांढरं उकरून पाहिलं तर थर्माकोल. त्याने एक तुकडा झाकणावर ठेवला, त्यावर होडीचं रेझिन टाकलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत तुकडा खचत खचत बसला, खाली उरला एक चिकट डाग. ‘बघा, खाल्लं. हितं एपॉक्सीच पायजे.’ एपॉक्सी म्हणजे आपल्या ॲरल्डाइटच्या कुळातलं, महाग आणि मानी. होडीच्या रेझिनला पावसाळी हवेत हार्डनर थोडा जास्त टाकून पळवता येतं, इथे तसं चालत नाही. काट्यावर मोजूनच मिसळायचं आणि त्याच्या कलाने सुकू द्यायचं. म्हणजे पावसाच्या आधी उरकायला हवं.

आणि मग, खडू कानामागे ठेवत, सहज: ‘चालवतो कोन?’

‘भाऊ.’

बरं, एकदा झालं तर जीभ घसरली म्हणता आलं असतं. तो बोर्डखाली वाकून म्हणाला, ‘ह्याला सुकाणू कुठाय?’ मी म्हटलं, सुकाणू नसतंच. डोलकाठी खाली रबरी सांध्यावर असते, कुठेही झुकते. पुढे झुकवली की नाक वाऱ्यापासून वळतं, मागे घेतली की वाऱ्याकडे. हाताने करून दाखवलं, दोन्ही गुडघे वाकवून, भर रस्त्यात, पर्स काखेत. मिस्त्री बघत राहिला. ‘तुम्हाला बरंच ठावं.’

‘भाऊ सांगतो ना.’

हे दुसरं. हे घसरणं नव्हतं, हे मी रचलं.

का? परतीच्या टेम्पोत वाटलं, वयामुळे. डोक्यावर छत्री, गुडघ्याला पट्टा, आणि म्हणायचं ‘मी’? हसला असता. पण तो हसणाऱ्यांतला वाटला नाही. होड्यांवर म्हाताऱ्या बायका त्याने काय कमी पाहिल्यात?

मग आई आठवली. आई बिल्डिंगभर सांगायची, थोरल्याचा आहे हो. मी ओल्या केसांनी जिना चढत असले आणि तळमजल्यावरच्या काकू दारात असल्या, की वरून आवाज यायचा, ‘भावाबरोबर गेली होती.’ भाऊ त्या वेळी बँकेत. मला फार राग यायचा. एकदा जिन्यातच ओरडले होते, माझा आहे, माझा! आईने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘जायचंय ना परत उद्या? मग राहू दे त्याचा.’

तेव्हा फक्त राग ऐकू आला होता.

आता काकू नाहीत, आई नाही, उद्या कुठे जायचंही नाहीये. मग मी कोणापासून वाचवत होते काय जाणे. ‘भाऊ’ म्हणताना मला आपोआप बरं वाटलं, हे सगळ्यात लागतंय. घाबरून नाही, लाजून नाही. दार लावून घेतल्यासारखं बरं.

बुधवार

झोप नाही. १९८२चं एशियाड दिल्लीत होतं, पण शिडांच्या शर्यती आपल्या बंदरात. बाबांनी आम्हा दोघांना अपोलो बंदरला नेलं होतं. दिसलं काय, तर लांब पाण्यावर तांदूळ सांडल्यासारखी शिडं. फायरबॉल नावाच्या दोघांच्या शिडाच्या होडीत आपल्या तारापोर आणि करंजियांनी सोनं घेतलं ते मागाहून पेपरात कळलं. दादाने भेळ मागितली. मी काही मागितलं नाही, म्हणून बाबा म्हणाले, पोरगी गुणी आहे. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसला उभ्याने हाकायचं हे शीड ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा मला कळलं काय मागायचं राहिलं होतं.

पुतण्याने व्हिडिओ पाठवलाय. ‘आत्या, जुनं सोड, हे घे.’ पाण्याखाली एक पंख, वेग आला की बोर्ड पाणी सोडून हातभर वर चालतो. २०२४ला पॅरिसला हेच होतं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पण पाण्यात उतरायचं ते पाण्याला न टेकण्यासाठी, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. दुसरा फोटो फुगवायच्या बोर्डचा. तो कपाटात मावतो. माझा बारा फुटी धोंड खालच्या उभ्या पात्याच्या, डॅगरबोर्डच्या जोरावर दुपारी एकच्या कोवळ्या खाऱ्या वाऱ्यातही वाऱ्याच्या तोंडावर चढायचा. मलबार हिलच्या आडोशाला गेलं की वारा मरतो, तेवढं सांभाळायचं. लेकीच्या दहावीनंतर गेलेच नाही. ठरवून नाही. गच्चीवर ठेवला आणि ताडपत्री टाकली, एवढंच.

हिशेब केला, दुरुस्तीच्या पैशात जुना पण धड बोर्ड मिळू शकेल. तरी करणार. कारण विचारू नये.

शुक्रवार

सकाळी मिस्त्रीचा फोन. मागे ग्राइंडर चालू, निम्मं ओरडूनच. कातडं सोललंय, पाणी गळतंय, बादली लावलीय. बोर्डवर पाय अडकवायचे पट्टे कुजलेत, बेल्टच्या पट्टीचे नवे शिवून घेतो. ‘गाला केवढा ठेवू? भावाला इचारा, पाय केवढा त्याचा.’

मी गॅस बारीक केला.

‘पाच नंबर.’

ग्राइंडर थांबला. ‘पाच?’

‘पाच. लेडीज.’

पलीकडे खडू घासल्याचा आवाज. लिहून घेतला बहुतेक. ‘मग बारीक ठेवतो. सैल ठेवला तर पाय आत जाऊन अडकंल, पडलात तर मुरगलंल.’ पडलात म्हणाला. मग म्हणाला, सात तारखेच्या आत या, आणि ताई, एपॉक्सीचं पैसं आधी लागतील. ‘भावाला सांगा.’

शेवटचं म्हणताना तो हसला की ग्राइंडर परत सुरू झाला, ते नीट कळलं नाही.

दादाला फोन लावायला हवा. निम्मा त्याचा आहे.