छत्रीतला राजा

दिल्लीला यावेळी गाइड घेतला नाही. फेलिचे बिआतो या फोटोग्राफरने १८५८ साली काढलेले दिल्लीचे फोटो ऑनलाइन संग्रहांतून उतरवून घेतले, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापले आणि फाइलमध्ये घालून निघालो. मोबाइल होताच, पण उन्हात त्यात काही म्हणजे काही दिसत नाही.

पहिला काश्मिरी दरवाजा. मेट्रोतून वर आलं की बसस्टँडचा गोंगाट अंगावर येतो आणि त्यातच एका कुंपणाआड हा दरवाजा उभा आहे. १४ सप्टेंबर १८५७ला इंग्रज बंदुकीच्या दारूच्या पिशव्या लावून इथूनच शहरात घुसले. दोन कमानी, तोफगोळ्यांनी उडालेले टवके. कागद समोर धरून एकेक खूण जुळवत गेलो. कमानींच्या मधल्या भिंतीवरची पाटी मात्र फोटोत सापडेना. आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत असं वाटून अर्धा तास आतबाहेर चकरा मारल्या. शेवटी पाटीच नीट वाचली. खाली साल होतं १८७६! फोटोनंतर अठरा वर्षांनी बसवलेली पाटी मी त्यात शोधत होतो. रखवालदार माझ्याकडे संशयाने बघू लागला होता ते वेगळंच.

जामा मशिदीच्या मिनाराचा जिना अरुंद आणि अंधारा. मी नुसती फाइल घेऊन चढताना धापा टाकल्या; बिआतोने त्या काळचा जडशीळ कॅमेरा वर नेऊन शहराचा पॅनोरमा टिपला. वर पोचून त्याची पानं शेजारी शेजारी धरली. लाल किल्ला जागेवर आहे. पण किल्ला आणि मशीद यांच्यामध्ये आज दिसतो तो मोकळेपणा मूळचा नव्हे. बंडानंतर इंग्रजांनी इथले बाजार, हवेल्या, अकबराबादी मशीद, सगळं पाडून टाकलं. खाली बागेत लोक निवांत पहुडले होते.

किल्ल्यात दिवाण-ए-खासचं छत मान वर करून पाहिलं. तिथली चांदी १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून तिची नाणी पाडली, फौजेचा खर्च भागवायला. बिआतो येईपर्यंत तिला जवळपास शंभर वर्षं झाली होती. शाळेत पानिपत घोकलं, पण हे छत कधी धड्यात आलं नाही.

संध्याकाळी इंडिया गेट. इथे माझ्याकडे दोन फोटो होते. पहिला ब्रिटिश काळातला: दगडी छत्रीत पाचवा जॉर्ज उभा. दुसरा आमच्या घरच्या अल्बममधला, १९८९चा: पुढे लाल स्वेटरमधली आई, मागे रिकामी छत्री. राजाला १९६८मध्येच हलवलं होतं. बाबा तेव्हा आम्हाला छत्री दाखवून ‘इथे राजा होता’ म्हणाले, आणि मी कितीतरी वर्षं तो पळून गेला असंच समजत होतो. आता तिथे काळ्या ग्रॅनाइटचे नेताजी आहेत, २०२२पासून.

मग राजाला भेटणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी रिक्षाने थेट कॉरोनेशन पार्क गाठलं. १९११च्या दरबारात याच मैदानावर त्याने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायची घोषणा केली होती. पांढऱ्या संगमरवराचा, उंच चौथऱ्यावर उभा. मी अल्बममधला फोटो हातात धरून मागे मागे सरकत त्याला चौकटीत बसवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, “अंकल, हट जाओ, बॉल आ रहा है!”