बॅटरीचं पाणी

"इन्व्हर्टरला टाकायचं का मॅडम?" बॅटरीच्या दुकानातला पोरगा दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी हो म्हणते. पाच लिटरचा कॅन स्कूटीवर पायाशी ठेवायचा आणि कॉलेजच्या मागच्या गेटनं सरळ लॅब गाठायची. घरी इन्व्हर्टर आहे, पण हे पाणी त्याच्या वाट्याला कधीच येत नाही.

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. माझी एम.एस्सी. जळगावची, गिरणाकाठच्या टेकड्यांवरच्या विद्यापीठातली. तेव्हा त्याचं नाव नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं. १९९० च्या आधी आमच्याकडची सगळी कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, त्यामुळे 'विद्यापीठात काम आहे' म्हणजे पुण्याची गाडी, हे मोठ्यांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. आम्हाला एस.टी.नं जाऊन संध्याकाळच्या आत घरी येता आलं, एवढा फरक. सिडेरोफोर हा शब्द तिथंच कानावर पडला आणि तो काही सुटला नाही.

वर्गात हा विषय काढताना मी भुईमुगापासून सुरुवात करते. निम्मी पोरं शेतातली. चुनखडीच्या काळ्या रानात भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. ऊसवाले त्यालाच केवडा पडला म्हणतात. मग घरचे हिराकस आणून फवारतात. मी विचारते, जमिनीत लोखंड कमी आहे का? मागचा बाक हमखास "हो" म्हणतो. कमी मुळीच नाही, चिक्कार आहे. पण आमच्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि सामू एकनं वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजार पटीनं घटते. घरात कणगीभर ज्वारी आणि कणगीला कुलूप, तशी गत. मुळाभोवतीच्या जिवाणूंचीही तीच अडचण. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे सिडेरोफोर. पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडते, तो मातीतल्या लोहाला घट्ट मिठी मारतो आणि त्याला घेऊन परत पेशीच्या दारात येतो.

एकदा हे सांगत असताना धडगावकडच्या एका मुलानं हात वर केला. त्याच्या चुलतभावाला सिकलसेल आहे आणि सारखं रक्त चढवावं लागतं. डॉक्टर म्हणाले होते, अंगात लोह साचलंय. "मॅडम, हे जंतू ते काढतील का?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न अगदी नेमका होता. रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते काढायला जे डेस्फेरिऑक्झामिन देतात, तो स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस या मातीतल्या जिवाणूचाच सिडेरोफोर आहे. त्या दिवसाचा उरलेला तास त्यातच गेला. सिलॅबस मागे पडला, पडू दे.

तर बॅटरीच्या पाण्याची गोष्ट. चार-पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला एक मुलगी होती, पारोळ्याकडची. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. रावेरकडच्या केळीच्या बागेतून मुळाजवळची माती आणायची, त्यातून स्युडोमोनास नावाचे जिवाणू वेगळे करायचे आणि कोण किती सिडेरोफोर बनवतो ते मोजायचं, असा साधासुधा प्रोजेक्ट. किंग्ज बी माध्यमावर सात कॉलन्या छान आल्या. यूव्हीच्या दिव्याखाली प्लेट धरली की हिरवट चमकायच्या. आम्ही दोघी खूश.

पुढची पायरी सक्सिनेट माध्यम. लिटरला चार ग्रॅम सक्सिनिक आम्ल, थोडे फॉस्फेट, अमोनियम सल्फेट, मॅग्नेशियम, बस. मुद्दाम लोखंड न घातलेलं जेवण. या उपासात जिवाणू कामाला लागतो आणि दीड-दोन दिवसांत फ्लास्कमधलं पाणी पिवळट हिरवं होतं, ते पायोव्हर्डिन, म्हणजे याचा सिडेरोफोर. आमचे फ्लास्क दाट गढूळ व्हायचे, म्हणजे वाढ उत्तम. रंगाचं मात्र नाव नाही. ताकासारखे पांढरे.

मग आम्ही सिडेरोफोर ओळखणारी सीएएसची परीक्षा लावली. श्विन आणि नीलँड्स यांनी १९८७ मध्ये दिलेली ही पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात चोरी उघड्यावर होते. साडेसाठ मिलिग्रॅम क्रोम ॲझ्युरॉल एस पन्नास मिलि पाण्यात विरघळवायचं, त्यात फेरिक क्लोराइडचं दहा मिलि द्रावण घालायचं, आणि हे सगळं एचडीटीएमए या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात ढवळत ढवळत सोडायचं. शाईसारखा गर्द निळा रंग येतो. रंगानं लोखंड धरून ठेवलेलं असतं. सिडेरोफोर आला की तो रंगाच्या हातातून लोखंड हिसकावतो आणि निळ्याचं केशरी होतं. आमचं निळं ते निळंच.

दोन महिने असेच गेले. माध्यमाचा सामू पुन्हा तपासला. केमिकलच्या बाटल्या बदलल्या. काचसामान सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवायला लागलो, कारण काचेला चिकटलेलं लोखंडही या कामात नडतं. पोरीच्या बोटांची सालं निघाली. नायक्रोमच्या काही तारांत लोखंड असतं म्हणून जिवाणू उचलायचा तारेचा लूपसुद्धा बदलला. मी तिला एकदा तर म्हणाले, तुझ्या कॉलन्यांत भेसळ झाली असेल, पुन्हा मातीपासून सुरू कर. ती काही बोलली नाही, रविवारी रावेरला जाऊन माती घेऊन आली. ते आठवलं की अजून लाज वाटते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शेकरवर चार फ्लास्क होते. तीन ताकासारखे. चौथा हिरवा. फिका नाही, चांगला कोवळ्या लिंबासारखा. मला आधी शंकाच आली, यात भलतंच काही वाढलंय. विचारलं तर ती खाली मान घालून उभी. चिडली, घाबरली की ही मुलगी अहिराणीवर येते. "मॅडम, हाई बॅटरीनं पानी शे."

झालं असं होतं की शुक्रवारी लाइट गेली, डिस्टिलेशनचं युनिट चाललं नाही आणि शेवटच्या फ्लास्कला पाणी कमी पडलं. तिचा भाऊ काळीपिवळी चालवतो. तो शनिवारी तिला होस्टेलवर सोडायला आला, गाडीत बॅटरीच्या पाण्याची बाटली होती. फ्लास्कच्या टेपवर तिनं प्रामाणिकपणे कोपऱ्यात बारीक 'ब' लिहून ठेवला होता. मी ओरडेन या भीतीनं सांगितलं तेवढं नव्हतं.

मी ओरडले नाही. खाली स्टुलावर बसले. मग दोघींनी जिवाणू ओळखायच्या चाचण्या लावल्या, ग्रॅम केलं, ऑक्सिडेज केलं, प्लेटवर पुन्हा रेघा ओढल्या. जिवाणू तोच. चारही फ्लास्क बॅटरीच्या पाण्यात लावले, बुधवारी चारही हिरवे. "व्हई गयं!" असं ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या बॉटनीवाल्या मॅडम धावत आल्या.

आता आमच्या पाण्याची झडती घेणं भाग होतं. त्यासाठी जुनीच पद्धत, ऑर्थोफेनॅन्थ्रोलिन. हायड्रॉक्सिलअमीन घालून लोहाला फेरसमध्ये आणायचं, फेनॅन्थ्रोलिन घालायचं, नारिंगी रंग येतो, ५१० नॅनोमीटरवर वाचायचा. बी.एस्सी.ची पोरं हा प्रयोग करतात. 'शुद्ध' पाण्यानं भरलेली परीक्षानळी नारिंगी झाली. लिटरला साधारण एक मिलिग्रॅम, म्हणजे अठराएक मायक्रोमोलर. पिण्याच्या पाण्यात एवढं लोह फार तर जिभेला जरा कळेल. स्युडोमोनासला मात्र ती मेजवानी. पेशीत लोह पुरेसं झालं की फर नावाचं प्रथिन त्या लोहासकट डीएनएवर बसतं आणि सिडेरोफोरचं सगळं काम थांबवतं. ताट वाढलेलं असताना चूल कोण पेटवतो?

युनिट काचेचं होतं, मग लोखंड आलं कुठून? स्टोअरमध्ये गेले. मामा, म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, यांनी हसत दाखवलं. पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन दिवाळीत फुटला होता. नवा मागितला, मिळाला नाही. मग त्यांनी घरून तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणला, साबणानं तीनदा धुतला, झाकण लावून त्यात पाणी साठवायला सुरुवात केली. वरून डबा लखलखीत. आत वाकून टॉर्चचा उजेड पाडला तेव्हा सांध्याला विटकरी रंगाची रेघ दिसली, करंगळीएवढी रुंद. आणि आम्ही काय करत होतो? आम्लात रात्रभर घासलेल्या काचा याच पाण्यानं सहा-सहा वेळा खळबळत होतो.

मामांना काय बोलणार. त्यांनी त्यांच्या परीनं पाणी वाचवलं होतं. चूक माझी, दोन महिन्यांत एकदाही मी स्टोअरचा उंबरा ओलांडला नव्हता. जिवाणूला दोष दिला, पोरीला दोष दिला, पाणी कुठून येतं ते पाहिलं नाही. आता प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात मी नळापासून फ्लास्कपर्यंत पाण्यामागे चालायला लावते. पोरांना वेडेपणा वाटतो.

बॅटरीचं पाणी का चाललं, तर लेड-ॲसिड बॅटरीलाही लोखंड सोसत नाही, ती आपोआप उतरते. म्हणून त्या पाण्यात लोह फार कमी ठेवावं लागतं. काळीपिवळीची बॅटरी आणि स्युडोमोनासचा उपास यांची गरज एकच निघाली.

प्रोजेक्ट उरकेपर्यंत एप्रिल लागला, आणि खान्देशातला एप्रिल म्हणजे वेगळंच प्रकरण. दुपारी लॅबमध्ये ४१ अंश. माध्यम गोठवणारं आगर चाळिशीच्या खाली उतरल्याशिवाय घट्ट होत नाही, त्यामुळे ओतलेल्या प्लेटा खिरीसारख्या हलत राहतात. आम्ही पहाटे सहाला प्लेटा ओततो, किंवा ओल्या फडक्यावर ठेवतो. पुस्तकात लिहिलंय की ४२ अंशाला वाढतो तो स्युडोमोनास एरुजिनोसा, वाढत नाही तो फ्लुरोसन्स. इतर ठिकाणी त्यासाठी इन्क्युबेटर लावतात. आमच्याकडे लाइट गेली की बीओडी, म्हणजे थंड ठेवणारा इन्क्युबेटर, बंद पडतो आणि ही परीक्षा आपली आपण होते. तिच्या सातपैकी दोन कॉलन्या त्या उन्हाळ्यात टिकून राहिल्या तेव्हा आम्ही हातमोजे चढवले. एरुजिनोसा जखमेत शिरणारा, त्याला पुढच्या प्रयोगासाठी भुईमुगाच्या कुंडीत घालायचं धाडस मी करणार नाही. दोन्ही बाद केल्या. कुंड्यांचा प्रयोग नंतर शेळीनं संपवला, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

आता मागच्या गेटाचं. बॅटरीच्या पाण्याचं पहिलं बिल मी रीतसर केमिकलच्या खात्यात लावलं होतं. महिन्याभरानं ते परत आलं, वर लाल शाईत शेरा: 'विभागाकडे वाहन नाही. खुलासा करावा.' मी दीड पानी खुलासा लिहिला, सिडेरोफोर, फर, फेनॅन्थ्रोलिन, सगळं. तोही परत आला. तिसऱ्या वेळी कुणीतरी शहाणपणा सांगितला आणि मी एका ओळीत लिहिलं: 'इन्व्हर्टरकरिता.' बिल त्याच दिवशी पास झालं. लॅबला इन्व्हर्टर अजून मिळालेला नाही.