बुडावरचं साल आणि फॉर्ममधला एकच रकाना

लिलावगृहाच्या फॉर्ममध्ये 'निर्मितीचं वर्ष' असा एकच रकाना होता. तोफगोळ्याच्या रिकाम्या पुंगळीपासून केलेल्या फुलदाणीला मात्र निदान दोन वर्षं असतात: पुंगळी कारखान्यात कधी घडली आणि तिच्यावर नक्षी कधी झाली. माझ्या अशा फुलदाण्यांच्या जोडीचं मूल्यांकन एवढ्याशा गोष्टीपायी अडकून पडलं. मापं, वजन, फोटो, मालकीचे कागद हे सगळं झटपट उरकलं होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जोडी पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच 75 मि.मी. मैदानी तोफेच्या पुंगळ्यांची. ही ओळखायला सगळ्यात सोपी. न कापलेली पुंगळी साधारण 350 मि.मी. उंच असते आणि बुडावर '75 डी ई सी' असा ठसा असतो. त्यातला 'सी' मैदानी तोफेचा. शेजारी कारखान्याची अक्षरं, लॉटचा नंबर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. ब्रिटिश 18 पौंडी तोफेच्या पुंगळीवर '18 पी आर' दिसतं, उंची 295 मि.मी.च्या आसपास. जर्मन 77 मि.मी.च्या बुडावर बहुधा गावासकट कारखान्याचं नाव असतं, उदाहरणार्थ पोल्टे, माग्डेबुर्ग, आणि खाली महिना व साल. ठसा पुसट असेल तर घासू नका. टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड टाका, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

आता अडलं कुठे ते. दोन्ही फुलदाण्यांवर ओकची पानं आणि मधल्या पट्टीत 'वेर्दां 1916', म्हणजे फ्रान्समधल्या मोठ्या लढाईचं ठिकाण आणि साल. मूल्यांकन करणाऱ्या गृहस्थांनी ते वाचलं आणि लिहून टाकलं: 1916, आघाडीवर सैनिकाने केलेलं काम. बूड उलटून पाहिलंच नाही. एका बुडावर 17 आहे, दुसऱ्यावर 18. जी पुंगळी 1918 साली घडली तिच्यावर 1916 साली नक्षी कोण करणार? ते साल लढाईचं आहे, लढाईच्या आठवणीखातर कोरलेलं. हे दाखवल्यावर त्यांनी 1916 खोडलं आणि 1918 लिहिलं. तेही पटण्यासारखं नव्हतं. बुडावरचं साल फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतं. 'याच वर्षी' असं ते कधीच सांगत नाही.

कारण साधं आहे. गोळा उडाला की पितळी पुंगळी तोफेपाशीच राहते. ती सरकारी मालमत्ता. जमा करून मागे पाठवायची, पुन्हा भरायची, पुन्हा वापरायची. म्हणजे 1915 ची पुंगळी 1917 मध्येही उडालेली असू शकते. शिवाय यातलं बरंचसं काम खंदकात झालेलंच नाही. तापवणं, ठोकणं, पन्हळी पाडणं यासाठी भट्टी, शिकंजा आणि निवांतपणा लागतो. तो होता पिछाडीच्या दुरुस्ती कार्यशाळांत, युद्धकैद्यांच्या छावण्यांत, इस्पितळांत. चिनी कामगार दलातल्या लोकांनी ड्रॅगन कोरलेल्या पुंगळ्या केल्या. युद्धानंतर बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधले स्थानिक कारागीर 1920 च्या दशकात रणभूमी आणि कबरी पाहायला येणाऱ्यांना असल्या वस्तू विकत होते. त्यांच्यापाशी माल युद्धातलाच होता, त्यामुळे बूड अस्सल आणि नक्षी नंतरची, असं सर्रास सापडतं.

हे सगळं लेखी दिलं. उत्तर आलं की रकान्यात चारच आकडे बसतात. या उत्तरावर अजूनही माझं डोकं तापतं.

शेवटी कामाला आलं ते दहापट भिंग. पानांच्या मागची जमीन ठिपके ठोकून भरलेली आहे, आणि ज्या पंचाने ठिपके मारले त्याच्या टोकाला बारीकशी खोट होती. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याच्या कडेला तीच एक चीर उमटली आहे, दोन्ही फुलदाण्यांवर. हत्यार एक, हात बहुधा एकच, पानं आरशातल्यासारखी समोरासमोर. जोडी ठरवून एकत्र केलेली, म्हणजे 17 ची फुलदाणीसुद्धा 18 च्या आधी सजलेली नाही. हे क्लोज-अप फोटो लिलावगृहातल्या वरच्या माणसाकडे गेले तेव्हा वर्णनात 'पुंगळ्या 1917 व 1918, नक्षी 1918 किंवा नंतर' असं आलं आणि रकाना रिकामा राहिला. अंदाजित किंमत थोडी उतरली. उतरू दे. खोट्या सालावर चढलेली किंमत घेणाऱ्याने बूड उलटलं की संपते.

सालाचा माग काढायला आणखी काही खुणा आहेत. क्रोमचा मुलामा व्यापारी कामात आला तो 1920 च्या दशकात, तेव्हा चकचकीत क्रोम दिसला तर मुलामा तरी युद्धकाळातला नाही. पुंगळीपासून केलेल्या दिव्याच्या किंवा घंटेच्या स्टँडला फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील तर ते 1930 च्या दशकाआधीचे नाहीत. नवी बनावट नक्षी जुन्या काळपटपणाला कापत जाते, रेषेच्या तळाशी पितळ पिवळं चमकतं. जुन्या रेषेच्या कडा पुसून गोल झालेल्या असतात आणि खाचेत मळ बसलेला असतो.

किमतीचं म्हणाल तर राखदाणी आणि कागद कापायच्या सुऱ्या ढिगाने मिळतात. एकाच हाताची जोडी दोन सुट्या नगांहून जास्त जाते. नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असेल तर भाव वेगळाच, पण ते पडताळा. ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींचा मोठा भाग 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. कुणाला कोणतं पदक मिळालं याची नोंद असलेली कार्डं मात्र शिल्लक आहेत, तिथून सुरुवात करावी. विम्याची किंमत आणि लिलावाचा अंदाज हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही लेखी मागा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: बुडाच्या मधोमध बसवलेला प्रायमर, म्हणजे आघाताने पेटून आतली दारू पेटवणारा भाग, पाहा. त्यावर आघाताचा खड्डा नसेल तर तो जिवंत असू शकतो. खड्डा असला तरी तो उडालाच असेल, असं नाही. त्याला ड्रिल लावायचं नाही, उष्णता द्यायची नाही. वर गोळा किंवा फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग) असलेली वस्तू संशयास्पद वाटली तर फिरवून उघडू नका, हलवूही नका, पोलिसांना कळवा.

पॉलिश करायचा मोह आवरा. अमोनिया असलेलं पॉलिश तर नकोच: ठोकून ताणलेल्या पितळेला त्याने हळूहळू तडे जातात, बहुधा पन्हळींच्या कडेला.

आणि कुरिअरला आधी विचारा. बरेच जण रिकामी पुंगळीसुद्धा घेत नाहीत. 'सजावटीची पितळी फुलदाणी, उडालेल्या पुंगळीपासून, स्फोटक नाही' असं खरं खरं लिहा, बुडाचा फोटो जोडा आणि होकार लेखी घ्या.