गढूळपणा विहिरीत की सेलमध्ये?

एका औद्योगिक वसाहतीतल्या पिझोमीटरच्या (भूजल तपासायच्या अरुंद नळीच्या विहिरीच्या) पाण्यात एकूण क्रोमियम दर वेळी लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर येत होतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकाची (आयएस 10500) मर्यादा तेवढीच, त्यामुळे कारखान्यामागे नोटिसांचा ससेमिरा. आधीचे सगळे नमुने बेलरने, म्हणजे दोरीने विहिरीत सोडायच्या नळीसारख्या भांड्याने, काढलेले. बेलर वर-खाली झाला की तळाची माती ढवळते, आणि झिजलेल्या बेसॉल्टच्या मातीत मुळातच क्रोमियम असतं. ती बाटलीत आली आणि नायट्रिक ॲसिडने पीएच 2 च्या खाली नेला, की धातू मातीतून सुटून पाण्यात उतरतो. प्रयोगशाळा बिचारी मिळालं ते मोजते. म्हणून या वेळी कमी प्रवाहाने उपसून नमुना घ्यायचं ठरलं.

50 मिमीचा पीव्हीसी पाइप, 15 ते 18 मीटरवर स्लॉट (पाणी आत यायला पाइपाला पाडलेल्या चिरा), पाण्याची पातळी 11.20 मीटर. जमिनीवरून ओढणारा पेरिस्टाल्टिक पंप सात-साडेसात मीटरच्या पुढे हात टेकतो, म्हणून ब्लॅडर पंप (पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने पाणी वर ढकलणारा) घेतला आणि अगदी सावकाश 16.5 मीटरवर सोडला. जमलं तर तो आदल्या दिवशीच सोडून ठेवावा.

सुरुवात मिनिटाला 100 मिलीने केली. पातळी चार सेंमी उतरून थांबली. 200 वर नेल्यावर मात्र 14 सेंमी उतरूनही थांबेना. प्रवाह 120 वर आणला तेव्हा कुठे सात सेंमीवर स्थिरावली. पातळी दहा सेंमीपेक्षा जास्त उतरू नये हा नियम सगळे सांगतात, पण पातळी थांबते का हे जास्त महत्त्वाचं. ती उतरतच राहिली तर पंप खडकातलं ताजं पाणी सोडून पाइपात साचलेलं शिळं पाणी ओढत असतो.

वर आलेलं पाणी फ्लो सेलमधून, म्हणजे सेन्सर बसवलेल्या बंद डबीतून, जात होतं. दर पाच मिनिटांनी नोंद. सलग तीन नोंदींत पीएच 0.1 च्या आत, विद्युतवाहकता 3 टक्क्यांच्या आत, ओआरपी (ऑक्सिडीकरण-क्षपण विभव) 10 मिलिव्होल्टच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा 10 टक्क्यांच्या आत हवा. गढूळपणा 5 एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) खाली गेला तर तोही स्थिर धरतात. पीएच आणि वाहकता पंधरा-वीस मिनिटांत जाग्यावर आले. या दोघांवर विसंबून बाटल्या भरणारे बरेच असतात. ऑक्सिजन मात्र हळूहळू चढत होता, तापमानही. एप्रिलचं ऊन आणि जमिनीवर पसरलेली नळी. इतक्या मंद प्रवाहात पाणी नळीतच तापतं, वायू सुटतो आणि बुडबुडे सेन्सरवर बसतात. नळी आखूड केली, सेल छत्रीखाली घेतला, बुडबुडे झटकले. दोन्ही आकडे बसले.

राहिला गढूळपणा. तो 40 एनटीयूवर अडून होता. पातळी स्थिर, प्रवाह स्थिर, मग माती येते कुठून? फ्लो सेलच्या आधी टी-जोड लावून तिथलं पाणी वेगळ्या टर्बिडिटीमीटरवर मोजलं: 4 एनटीयू. सुरुवातीच्या गढूळ पाण्याचा गाळ सेलच्या तळाशी बसला होता आणि सेन्सर तोच वाचत होता. सेल धुतल्यावर त्याचाही आकडा खाली आला. गढूळपणा सेलमध्ये मोजूच नये, टी-जोडावरच मोजावा, असं माझं मत.

नमुना घेताना सेल काढून टाकला. सेलमधून आलेलं पाणी बाटलीत कधीच घ्यायचं नाही. आधी गाळणीविना, मग 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून, गाळणी त्याच पाण्याने आधी धुऊन. तोपर्यंत उपसलेलं पाणी आठ-नऊ लिटर. पाइपातल्या पाण्याच्या तिप्पट उपसण्याच्या जुन्या पद्धतीने ते चाळीस लिटर झालं असतं. शेवटी तुलनेसाठी त्याच विहिरीतून बेलर.

बेलरच्या नमुन्यात क्रोमियम 0.09, सोबत लोह आणि ॲल्युमिनियमही भरपूर. तिघं एकदम चढले की माती ओळखावी. पंपाच्या न गाळलेल्या नमुन्यात 0.006, गाळलेल्यात 0.005. बेलरचंच पाणी गाळलं असतं तर, असं कारखान्याच्या माणसाने विचारलं. चाललं नसतं: 0.45 पेक्षा बारीक कण गाळणीतून निसटतात, आणि ढवळताना हवा लागून विरघळलेलं लोह गंजासारखं साकळलं तर काही धातू त्याच्यासोबत गाळणीवर अडकतात. आकडा दोन्हीकडून चुकू शकतो.

शेजारच्या पिझोमीटरमध्ये मिनिटाला 50 मिलीलाही पातळी उतरतच गेली. तिथे पंप बंद केला, आणि पुढच्या फेरीला स्लॉटसमोर पॅसिव्ह सॅम्पलर (न उपसता, पाण्यात टांगून ठेवून नमुना घेणारं साधन) टांगायचा, अशी नोंद वहीत केली.