मोतेगी ते कोबे, दोन गाड्यांसाठी

जपानमधल्या उत्सुनोमियाहून मोतेगीची बस सुटते ती आधी भातखाचरांमधून आणि मग झाडीने भरलेल्या टेकड्यांमधून वळणं घेत जाते. तिथला रेसट्रॅक प्रसिद्ध आहे, पण मी त्याच्या आवारातल्या होंडा कलेक्शन हॉलसाठी आलो होतो. तिथे १९६९ची सीबी ७५० फोर ही होंडाची मोटरसायकल आहे.

समोर उभं राहिल्यावर नजर जाते ती सायलेन्सरवर. चार सिलिंडर, चार पाइप, दोन्हीकडे दोन-दोन. गुडघ्यावर बसून पाहिलं, तर इंजिनाच्या डोक्यापासून चारही नळ्या एका वळणात खाली उतरतात, एकीचा बाक दुसरीपेक्षा केसभरही वेगळा नाही. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, हँडलला सेल्फ-स्टार्टचं बटण. ७३६ सीसी, ६७ हॉर्सपॉवरची गाडी आणि बोटाने चालू! त्या काळात एवढ्या ताकदीच्या इंग्लिश गाड्यांना किक मारावी लागायची.

दोन दिवसांनी कोबे. मोटोमाची स्टेशनवरून बंदराकडे चालत गेलं की लाल पोर्ट टॉवर दिसतो आणि शेजारी शिडांसारखं पांढरं छप्पर असलेलं सागरी संग्रहालय. कावासाकीचं दालन त्यातच आहे. लहानपणी बाबांच्या केबी १००च्या टाकीवर हे नाव मी बोटाने गिरवायचो, त्यामुळे दारातच जरा भरून आलं.

आत दुसरी गाडी, कावासाकीची झेड१. कावासाकीचीसुद्धा चार सिलिंडरची ७५० तयार होत होती. १९६८च्या टोकियो मोटर शोमध्ये होंडाने आधीच सीबी दाखवली आणि यांना नव्याने सुरुवात करावी लागली. १९७२मध्ये गाडी आली ती थेट ९०३ सीसीची, ८२ हॉर्सपॉवरची. सीबीला डोक्यावर एक कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, हिला दोन. तपकिरी टाकीवर नारिंगी पट्टा. जपानी लोक या रंगाला ‘हिनोतामा’ म्हणतात, म्हणजे आगीचा गोळा. टाकीची ओळ सीटखालून सरळ शेपटीपर्यंत जाते. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

देखणी झेड१च. पण घरी न्यायला एकच मिळाली तर मी सीबी नेईन. नवखा माणूससुद्धा जिच्यावर विश्वास टाकू शकेल अशी मोठी गाडी तिनेच आधी दिली, आणि माझ्या लेखी त्याचं मोल १५ जादा हॉर्सपॉवरपेक्षा जास्त आहे.

हे मोडक्यातोडक्या जपानीत शेजारच्या आजोबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. तरुणपणी त्यांच्याकडे झेड२ होती, कारण जपानी कंपन्या तेव्हा देशात ७५० सीसीच्या वरची गाडी विकत नसत. म्हणून देशातल्या लोकांसाठी झेड१च ७४६ सीसीची करून दिली होती. “आवाज मात्र तोच,” ते म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी उजवी मूठ हवेत हळूच पिळली.