कुलपं उघडायच्या छंदासाठी हत्यारं निवडताना : माझा अनुभव

लॉकपिकिंगचा, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा, छंद म्हटलं की लोक आधी दचकतात, म्हणून नियम पहिलाच सांगून टाकतो : कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं आणि ते कुठल्याही दाराला, कपाटाला, गाडीला लावलेलं नको. वापरातल्या कुलपावर सराव केला तर एखादी पिन किंवा स्प्रिंग बिघडते आणि मग ऐन वेळी किल्लीसुद्धा चालत नाही. त्यामुळे सरावाचं कुलूप वेगळं म्हणजे वेगळंच.

हत्यारं शोधायला लागलो तर ऑनलाइन सगळीकडे तेच, वीस-पंचवीस नगांचा सेट, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप फुकट. एका मित्राकडे तसा सेट होता तो हातात घेऊन नीट बघितला. कडा खरखरीत, बोट फिरवलं की लागतात, आणि असलं पिक (भोकात घालून पिना उचलायची बारीक सळई) पिनेवर घासत जातं, म्हणजे पिन सेट झाली (बरोबर उंचीवर जाऊन थांबली) की नुसतं पिक अडकलं हे बोटाला कळतच नाही, आणि या छंदात बोटाला कळणं हेच तर सगळं आहे. शिवाय त्यातले निम्मे आकार कशाला असतात ते वापरणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी ठरवलं, आधी कुलपं बघू, मग हत्यार.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे सुटी कुलपं हवी तेवढी मिळतात. (किल्लीसकट घ्या, म्हणजे किल्ली घालून आतलं सगळं नीट चालतंय का ते तिथेच कळतं.) तिथे एक गोष्ट स्वच्छ दिसली जी परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. आपल्याकडची कितीतरी जुनी कुलपं पिनांची नसतातच, लिव्हरची असतात. गोदरेजचं नवताल घ्या, ते लिव्हरचंच. त्यात आत पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टी बरोब्बर ठरलेल्या उंचीवर उचलली गेली की मगच बोल्ट (कुलूप अडवून धरणारा दांडा) सरकतो, कमी उचलली तरी नाही आणि जास्त उचलली तरी नाही. बाजारातला नेहमीचा हुकांचा सेट इथे निरुपयोगी आहे. त्याला एकात एक बसणारी दोन भागांची तार लागते, एक भाग बोल्टवर जोर ठेवतो आणि दुसरा पट्ट्या उचलतो. या हत्याराला हॉब्जचं नाव आहे, तोच अमेरिकन कुलूपतज्ज्ञ हॉब्ज ज्याने १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप (उघडायचा चुकीचा प्रयत्न झाला की अडकून बसणारं) आणि नंतर ब्रामा या इंग्रज कारागिराचं कुलूपही उघडून दाखवलं. ब्रामाचं आव्हान तर कित्येक दशकं दुकानाच्या खिडकीत लावलेलं होतं, २०० गिनींच्या बक्षिसासकट!

लिव्हरला असं वेगळं हत्यार लागतं, म्हणून सुरुवात पिनांच्या कुलपांपासून करायची ठरवली, म्हणजे साधी पितळी कुलपं आणि फ्लॅटच्या दारांना असतात ते सिलेंडर. त्यासाठी पिकं लागतात मोजकी, एक छोटा हुक, एक थोडा उंच हुक, एक हाफ डायमंड (त्रिकोणी टोकाचं), आणि हौस असेल तर एक रेक (लाटांसारख्या टोकाचं, बऱ्याच पिना एकदम हलवणारं). बास. जाडी मात्र बघा. ०.६ मिमीचं पिक मजबूत असतं पण भोक अरुंद आणि नागमोडी असेल तर ते आत वळत नाही, तिथे ०.४ चं लागतं.

मी ती घरीच बनवायची ठरवली आणि बोहरी आळी गाठली. दुकानदार काकांनी विचारलं, "हॅक्सॉ ब्लेड कशाला पाहिजे, पत्रा कापायला का पाइप?" मी सरळ सांगितलं की कुलपाचं पिक बनवायचंय, छंद आहे. ते म्हणाले, "मग पूर्ण कडक ब्लेड नेऊ नका, वाकवलं की तुकडा पडतो. बायमेटल घ्या, त्याचे दातच तेवढे कडक असतात, पाठ लवचिक असते." त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं निघालं. दात ग्राइंडरवर घालवायचे आणि पाठीतून आकार काढायचा. मात्र घाई नको, थोडं घासलं की पाण्यात बुडवायचं, कारण पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. पुढचं काम बारीक कानशीने. त्यानंतर पॉलिश पेपर, ४०० पासून चढत चढत २००० पर्यंत, कड नखावर फिरवली तर अजिबात अडकू नये इतकी गुळगुळीत. हे कंटाळवाणं आहे, तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मुठीला हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मीटरवर मिळते.

आता खरं सांगायचं ते टेन्शन रेंचबद्दल, म्हणजे पिना उचलताना कुलपाला फिरवायचा हलका जोर देत राहणाऱ्या वाकड्या पट्टीबद्दल. सगळे पिकांवर चर्चा करतात पण कुलूप उघडतं ते टेन्शनवर. सेटमधले रेंच बहुतेक एकाच मापाचे असतात, भोकात सैल बसतात, हलतात, आणि हलला की पिना परत खाली. गॅरेजमध्ये जुने वायपर बदलतात ना, त्यांच्या रबराच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या लांब पातळ पट्ट्या असतात, त्या मागून आणल्या, मेकॅनिक आनंदाने देतो. पक्कडीने वाकवून टोक प्रत्येक कुलपाच्या भोकाप्रमाणे घासायचं. भोकाच्या खालच्या कडेला लावायचा रेंच बनवायला सोपा पण पिकाची जागा खातो, वरच्या कडेला लावायचा घट्ट बसतो, खाली जागा मोकळी राहते आणि पिना फार स्पष्ट जाणवतात. मला दुसराच आवडतो. जोर किती, तर आंबा पिकलाय का म्हणून हलकेच दाबून बघतो तेवढाच.

कोपऱ्यावरच्या चावीवाल्या काकांकडे मी काढून टाकलेले सिलेंडर मागतो आणि ते हौसेने देतात. सिलेंडर उघडून पिना काढता येतात, मग एकच पिन ठेवून सराव, जमलं की दुसरी घालायची. पारदर्शक कुलपापेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण तिथे डोळे शिकतात आणि बोटं तशीच राहतात.

त्यांच्याकडूनच एक डिंपल सिलेंडर आलाय, ज्याच्या चावीला आपल्याकडे कॉम्प्युटर चावी म्हणतात, चपटी आणि वर खड्डे असलेली. त्याला हुक चालत नाही, टोकाला आडवी पाती असलेलं फ्लॅग पिक लागतं, दांडा फिरवला की पाती पिन उचलते. हे मात्र ब्लेडमधून नीट निघत नाही, दांडा गोल आणि ताठ हवा, म्हणून हे एक तयार मागवतोय, आणि तेही सेट नाही, सुटंच.