फादर तेल लावायला आले म्हणजे आशा संपली का?

कॅथलिक ख्रिस्ती लोकांत फादर, म्हणजे धर्मगुरू, आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात, त्या संस्काराविषयी तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जालना आणि आसपासच्या खेड्यांत फादरांबरोबर आजाऱ्यांच्या घरी जातो, तेव्हा नातेवाईक दाराशीच दबक्या आवाजात विचारतात, की फादरांनी तेल लावायचे म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असे समजायचे का?

तसे मुळीच नाही. या संस्काराचा आधार असलेल्या, बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात मरणाऱ्याचा नव्हे, आजाऱ्याचा उल्लेख आहे: त्याने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलजनांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. पुढे कित्येक शतके हा संस्कार मृत्युशय्येपुरताच उरला आणि ती धास्ती घराघरांत अजून टिकून आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये तो केवळ मरणासन्नांसाठी नाही असे स्पष्ट केले, तर पोप पौल सहावे यांनी 1972 मध्ये विधीही सुटसुटीत केला. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, वार्धक्याने अंग खचल्यावर, किंवा तोच आजार बळावल्यास पुन्हादेखील तो घेता येतो. अखेरच्या वाटेची शिदोरी म्हणून दिला जातो तो ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, तेल नव्हे.

फादर आधी काहीही न बोलता रुग्णाच्या मस्तकावर हात ठेवतात. मग बिशपांनी पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, आशीर्वादित केलेल्या तेलात अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि नंतर दोन्ही हातांना तेल लावतात. उभा जन्म कापूस वेचण्यात गेलेल्या एका आजींनी भेगाळलेले तळवे आपणहून पुढे केले होते, आणि प्रत्येक प्रार्थनेनंतरचे त्यांचे ‘आमेन’ घरातल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत होते. रुग्ण शुद्धीवर असताना बोलवा, असे मी कळकळीने सांगतो ते यासाठीच. त्याला पापनिवेदन, म्हणजे फादरांजवळ आपल्या पापांची कबुली, करता यावे आणि ही प्रार्थना आपल्यासाठी चालली आहे हे त्याला उमगावे. संभाजीनगरच्या अतिदक्षता विभागात नळ्यांनी वेढलेल्या माणसालाही फादर तेल लावतात, परंतु तेव्हा तो बिचारा एकटाच असतो. घरचे काचेपलीकडे असतात.

औषधोपचार अर्थातच थांबवायचे नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की फादरांना कळवा, खाटेजवळ एक लहानसे मेज, त्यावर स्वच्छ पांढरे कापड आणि मेणबत्ती ठेवा. पापनिवेदनापुरते सर्वांनी बाहेर थांबावे, नंतर मात्र लेकरांसह आत यावे. शेजारीपाजारी ख्रिस्ती नसले तरी त्यांनाही खुशाल बोलवा.